मॅरेथॉनपूर्वीची अखेरची लांब दौड



मॅरेथॉन शर्यतीशी या मातीचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना उचलून धरली. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुढे १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. आज शिक्षक, शासकीय कर्मचारी, शेतकऱ्यांची मुले-मुली अशा सर्व थरांतील माणसे या शर्यतींची तयारी करताना दिसतात.

ही तयारी चार-पाच महिन्यांची असते. तथापि तिचे यशापयश पुष्कळदा अखेरच्या तीन आठवड्यांत ठरते. या काळात धावपटूचे नुकसान होते ते बहुधा आळसामुळे नव्हे, तर अतिउत्साहामुळे. ही गोष्ट धावपटूइतकीच त्याच्या भोवतीच्या मंडळींनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

तिसाव्या किलोमीटरनंतरचा प्रश्न

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला संपूर्ण शर्यतीसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू व यकृत यांत साठविलेली साखर मात्र साधारणतः दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास पुरते. चरबीचा साठा विपुल असला, तरी तिच्यापासून ऊर्जा मिळण्याचा वेग मंद असतो. म्हणूनच तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान अनेकांचे पाय एकाएकी जड होतात.

यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यावयाची लांब दौड होय. तिच्यामुळे चरबीचा वापर करण्याची सवय शरीराला लागते, पायांतील स्नायू व अस्थिबंध कणखर होतात आणि थकव्यातही चाल राखण्याचा अनुभव मिळतो.

डिसेंबरमधील शेवटचा रविवार

मुंबई मॅरेथॉन सामान्यतः जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. तेव्हा अखेरची लांब दौड तीन आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी येते. ही दौड तीस ते बत्तीस किलोमीटरची असावी. पूर्ण अंतर धावून पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो; पण त्याने खात्री पटण्याऐवजी शक्ती मात्र खर्ची पडते.

पहाटे उठून, हलके काही खाऊन धावपटू बाहेर पडतो. चाल अशी, की सोबत्याशी सलग दोन वाक्ये बोलता यावीत. ही शर्यत नव्हे, शर्यतीची रंगीत तालीम आहे. जे बूट शर्यतीत घालावयाचे तेच पायांत हवेत, आणि वाटेत जे खावयाचे तेच खिशात हवे, मग ती चिक्की असो वा खजूर. कपडा कोठे काचतो, पोटाला काय मानवते, हे आजच कळले पाहिजे. शर्यतीच्या दिवशी काहीही नवे करावयाचे नाही, हा नियम येथूनच सुरू होतो.

पाण्याच्या बाबतीतही तारतम्य हवे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण सामान्य पातळीच्या खाली घसरलेले आढळले. गरजेपेक्षा अधिक पाणी व पेये पिणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. तहान लागेल तसे, थोडे थोडे पाणी पिणेच हितावह होय.

विश्रांती हाही सरावच

नांगरलेले रान उन्हात तापू द्यावे लागते. त्या काळात शेतकरी रिकामा बसला, असे कोणी म्हणत नाही. शरीराचेही तसेच आहे. लांब दौडीने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येताना शरीर अधिक बळकट होते, आणि हे काम विश्रांतीच्या काळातच चालते.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसून आले, की स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करावे. वेग आणि सरावाचे दिवस मात्र फारसे बदलू नयेत. आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याने पुढील आठवड्यात ४५, त्यानंतर ३० आणि शर्यतीच्या आठवड्यात १५ किलोमीटरच धावावे, असा साधा हिशोब मांडता येईल. शेवटच्या दोन-तीन दिवसांत भात, पोळी, बटाटा, केळी असे पिष्टमय अन्न अधिक घ्यावे आणि झोप पुरेशी घ्यावी.

या दिवसांत मन अस्वस्थ होते. बुडालेला सराव भरून काढावा, असे वाटू लागते. पण शेवटच्या आठवड्यात कमावता येण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे फार असते. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. ताप असताना धावणे तर कटाक्षाने टाळावे. त्याने हृदयाला इजा पोहोचू शकते. छातीत दुखणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसताच थांबून डॉक्टरांना गाठावे. एका शर्यतीपेक्षा आयुष्य मोठे आहे.

गावाचा वाटा

सातारा जिल्ह्यातील माण हा अवर्षणग्रस्त तालुका. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. असे गुण गावोगावी आहेत. त्यांना जाणत्या आधाराची गरज आहे.

हा आधार खर्चिक नाही. पहाटे धावणाऱ्या मुलामुलींनी वाहनांकडे तोंड करून रस्त्याच्या कडेने धावावे आणि अंगात उजळ कपडे घालावेत, हे शिक्षकांना सांगता येईल. लांब दौडीच्या दिवशी ठरावीक अंतरावर पिण्याचे पाणी ठेवणे, मुलींच्या सोबतीची व्यवस्था करणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा तपासणी करवून घेणे, या गोष्टी ग्रामपंचायतीला सहज जमण्याजोग्या आहेत. कार्यालयप्रमुखांनी शर्यतीपूर्वीच्या आठवड्यात कर्मचाऱ्याच्या रात्रपाळीची अदलाबदल करून दिली, तर तीही मोठीच मदत ठरेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शर्यतीच्या तोंडावर एखादा मुलगा वा मुलगी कमी धावताना दिसली, तर ‘आताच का ढिलाई?’ असे कोणी टोचू नये. त्या वेळी धावण्याचा मोह आवरणे हेच तिचे काम असते. ते तिला निर्धास्तपणे करू देणे, ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे.