तार उलटी जोडली जाते तेव्हा

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर दिवाळीच्या खरेदीची गर्दी दाटली, की कोंडी नेमकी कोठे झाली हे चौकाच्या मध्यभागी उभे राहून कळत नाही. चौकाला मिळणारा एकेक रस्ता पाहत जावे लागते. बिघडलेल्या जुन्या संगणकाची परीक्षाही याच रीतीने करावयाची असते.

१९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प आरंभिला. त्यात सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र मिळाले. कितीतरी विद्यार्थ्यांनी पाहिलेला हा पहिलाच संगणक. असे यंत्र आज कपाटातून बाहेर निघते, हौशी हात ते उघडतात आणि वीजपुरवठ्याची पेटी पुन्हा बसविताना लाल व काळ्या तारांची अदलाबदल होते. लाल तार पाच व्होल्टची, काळी शून्याची. दाब अल्प खरा. परंतु तो उलट मिळताच चिपांतून बेसुमार प्रवाह वाहू लागतो व त्या तापून जळू शकतात.

तथापि पुष्कळदा पेटी स्वतःच पुरवठा तोडते आणि बरेच काही बचावते. म्हणूनच तारा सरळ करून लगेच बटण दाबण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रथम डोळ्यांनी व नाकाने तपासावे : तडकलेली चिप, फुगलेला कपॅसिटर, जळका वास. पेटी वेगळी काढून योग्य भार जोडावा व दाब मोजावा. ती उघडू नये, कारण आतील कपॅसिटर प्राणघातक भार साठवून ठेवतात. मग वीज बंद असताना बोर्डावरील पाच व्होल्ट व शून्य यांमधील रोध मल्टीमीटरने पाहावा. तो जवळजवळ शून्य असेल, तर खाचांत बसविलेल्या चिपा एकेक करून काढाव्यात व दरवेळी पुन्हा मोजावे. जिच्या काढण्याने रोध वाढेल, ती दोषी.

यानंतरच वीज द्यावी आणि कान द्यावा. निरोगी यंत्र प्रथम एक खालचा सूर काढते व लगेच एक आखूड, उंच सूर. पहिला सूर थांबतच नसेल, तर वीज पोचली आहे, पण तो सूर बंद करणारा ‘६५०२’ प्रोसेसर कामाला लागलेला नाही. मग शोध त्याच्या व रॉम चिपांच्या भोवती आटोपतो.

या यंत्रासाठीच घडविलेली ‘व्हिडिओ यूएलए’ चिप आता कारखान्यात तयार होत नाही. घाईने जाळलेली अशी चिप मिळविणे दुरापास्त असते. शांतपणे केलेले एक मोजमाप मात्र काहीच जाळीत नाही.