राखीव सर्व्हर मुख्य होतो तेव्हा

सातबारा, जन्ममृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे पट ही माहिती आता दप्तरातून संगणकाच्या माहितीसाठ्यात आली आहे. ज्या सर्व्हरवर नव्या नोंदी होतात तो मुख्य सर्व्हर. त्याच्या जोडीला एक राखीव सर्व्हर असतो आणि मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल त्याच्याकडे सतत पोचत असतो. मुख्य सर्व्हर बंद पडल्यास राखीव सर्व्हरने त्याची जागा घ्यावी, अशी ही योजना आहे.

ही बदली करणे अवघड नाही. पोस्टग्रेस या प्रचलित प्रणालीत ती एका आज्ञेने होते. अवघड असतो तो निर्णय. मुख्य सर्व्हर खरोखरच बंद पडला आहे, की केवळ त्याच्याशी असलेला संपर्क तुटला आहे? संपर्क तुटलेला सर्व्हर नोंदी घेतच राहिला आणि इकडे राखीवही मुख्य झाला, तर एकाच फेरफार वहीच्या दोन प्रती दोन ठिकाणी निरनिराळ्या हातांनी लिहिल्या जाव्यात, तशी अवस्था होते.

अमेरिकेतील गिटहब या संस्थेला २१ ऑक्टोबर २०१८ रोजी हाच अनुभव आला. एक सदोष उपकरण बदलताना पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राशी संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हर मुख्य ठरविले. पूर्वेकडील काही नोंदी पश्चिमेस पोचल्या नव्हत्या. एका गजबजलेल्या समूहातच त्या ९५४ होत्या. पश्चिमेकडे तोवर नव्या नोंदी होऊ लागल्या होत्या. कोणतीच प्रत पूर्ण उरली नाही. तंत्रज्ञांनी घाईपेक्षा माहितीच्या अचूकतेला महत्त्व दिले. परिणामी सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली.

यातून काही पथ्ये निघतात. राखीव सर्व्हरला मुख्य करण्यापूर्वी जुना सर्व्हर नोंदी घेणार नाही याची खात्री करावी. राखीव सर्व्हर किती नोंदींनी मागे आहे, हे पाहावे. जुना सर्व्हर दुरुस्त झाल्यावर त्याला थेट पूर्वपदावर बसवू नये. न पोचलेल्या नोंदी जपून त्याला नव्या मुख्य सर्व्हरचा राखीव करावे. निर्णय कोणी घ्यावयाचा, हे आधीच लेखी ठरलेले असावे आणि या साऱ्याची रंगीत तालीम ठरावीक काळाने व्हावी.

एखाद्या शेतकऱ्याचा फेरफार किंवा एखाद्या बालकाची जन्मनोंद गहाळ झाली, तर हेलपाटे त्या कुटुंबाला घालावे लागतात. राखीव सर्व्हर असणे पुरेसे नाही. तो केव्हा आणि कसा मुख्य करावयाचा, याची शिस्त असणे तितकेच अगत्याचे आहे.