हरलेल्या डावातला बचाव

पटावर बाजू हरलेली असणे आणि डाव हरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिस्पर्धी अचूक खेळला तरच हरलेल्या बाजूवर मात होते. ती मात अनेकदा वीस-तीस चाली दूर असते, आणि तेवढ्या चाली अचूक खेळण्याचे ओझे जिंकणाऱ्याच्या खांद्यावर असते. बचाव हे बुद्धिबळाचे स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते आक्रमणाच्या आधी शिकवले पाहिजे, हेच या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. सोंगट्यांच्या चाली, किल्लेकोट, घड्याळ हे सारे श्रोत्यांना ठाऊक आहे, म्हणून ते बाजूला ठेवले आहे.

बचावाची साधने मोजकीच आहेत. सततचे शह, जिच, ज्यात शिरताच येत नाही अशी तटबंदी, आणि पन्नास चालींचा नियम. यांपैकी तटबंदीचे एक उदाहरण प्रत्येक मुलाला पाठ हवे. समोरच्याकडे एक उंट आणि एच पट्टीवरचे प्यादे जास्त आहे. पण त्याचा उंट पांढऱ्या घरांचा आहे आणि प्याद्याचा वजीर ज्या घरात व्हायचा ते एच८ हे घर काळे आहे. अशा वेळी बचाव करणाऱ्याचा राजा एच८च्या कोपऱ्यात पोचला की त्याला तिथून हुसकावता येत नाही. अख्खा उंट जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो. ज्याला हे माहीत असते तो दहा चाली आधीपासून त्या कोपऱ्याकडे निघतो. ज्याला माहीत नसते तो हात पुढे करून डाव सोडून देतो.

१९२१ साली रिचर्ड रेटीने रचलेला अभ्यास यापेक्षाही विलक्षण आहे आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. पटावर चारच सोंगट्या. पांढरा राजा एच८वर, पांढरे प्यादे सी६वर. काळा राजा ए६वर, काळे प्यादे एच५वर. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे धावत सुटले आहे आणि पांढरा राजा ते पकडायला दोन चाली कमी पडतो. त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तोंडाशी आहे. कोणीही म्हणेल की खेळ संपला. पण पांढरा राजा सरळ खाली न धावता जी७वर, मग एफ६वर, मग ई५वर असा तिरका उतरतो. या वाटेवर तो एकाच वेळी दोन कामे करतो. काळ्याने थांबून सी६चे प्यादे मारले, तर त्यात गेलेल्या वेळात पांढरा राजा एफ४वर येऊन काळे प्यादे गाठतो. काळ्याने प्यादे पुढेच रेटले, तर पांढरा राजा आपल्या प्याद्याजवळ पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. दोन्हीकडून बरोबरी. एकेका ध्येयामागे स्वतंत्रपणे धावला असता, तर तो दोन्हीकडे उशिराच पोचला असता. सगळ्या बचावाचे मर्म या चार सोंगट्यांत आहे.

हे कागदावरच्या रचनांपुरते नाही. १९६३-६४च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्सची बाजू सॅम्युएल रेशेव्हस्कीसमोर पार बुडाली होती. इव्हान्सने वजीर बळी दिला आणि मग हत्तीही पुढे केला. तो मारला की जिच, न मारला की शहावर शह. डाव बरोबरीत सुटला. १ जून २०२५ रोजी स्टॅव्हँगरला गुकेश मॅग्नस कार्लसनसमोर बराच वेळ हरलेल्या बाजूने खेळत होता. घड्याळ दोघांचेही आटले, बावन्नाव्या चालीला कार्लसनचा घोडा चुकला आणि गुकेश जिंकला. कार्लसनने टेबलावर मूठ आपटली ते दृश्य जगभर गेले. त्याआधी गुकेशने न कंटाळता केलेल्या चिवट चाली मात्र फार थोड्यांनी पाहिल्या.

महाराष्ट्राचे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुखचे. जुलै २०२५मध्ये बातुमीला महिला विश्वचषकात तिचे मानांकन पंधरावे होते आणि ग्रँडमास्टर पदाचा एकही नॉर्म तिच्याजवळ नव्हता. उपांत्य फेरीत तान झोंगयीविरुद्धचा डाव १०१ चालींपर्यंत चालला आणि तिने तो जिंकला. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीविरुद्ध पहिल्याच डावात हाती आलेला वरचष्मा निसटला, तरी ती सावरली आणि २८ जुलैला जलद डावांत विजेती ठरली. त्या विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली.

कोल्हापूरला ही वृत्ती नव्याने सांगावी लागत नाही. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेच्या मैदानात खाली गेलेला मल्ल पाठ लागेपर्यंत हरलेला नसतो, आणि त्याच्या चिवटपणालाही टाळ्या पडतात. पटावरच्या चिवटपणाला मात्र रेंगाळणे म्हटले जाते. वेळेवर डाव सोडणे हा शिष्टाचार आहे, असा आक्षेप सभागृहातही दबक्या आवाजात उमटतो. तो आक्षेप ग्रँडमास्टरांच्या बाबतीत खरा आहे, कारण पुढच्या वीस चाली त्यांना दिसत असतात. दहा वर्षांच्या मुलीला त्या दिसत नाहीत, आणि बहुतेक वेळा तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही दिसत नाहीत.

वेळ सरत आल्याने हत्तींच्या अंतिम डावांचे नावच घेता येते. फिलिडोरचा बचाव, म्हणजे हत्ती तिसऱ्या ओळीवर रोखून धरणे, प्रत्येकाने घरी पट मांडून पाहावा. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाग्यश्री साठे-ठिपसेंसारखी खेळाडू घडवली. शिकवण्याची परंपरा या भागाला आहेच. प्रशिक्षकांनी सुरुवातीचे सापळे शिकवण्याआधी हे बचाव शिकवावेत, आणि पालकांनी निदान पहिली दोन वर्षे मुलांना मात होईपर्यंत खेळू द्यावे.