पडद्याआडची शिवी आणि आपली वाचा



दीक्षाविधीविषयी भन्तेजींनी आपणास सांगितलेच आहे. मला बोलावयाचे आहे ते आपल्या हातातील मोबाईलविषयी आणि त्यातून आपल्या घरात शिरणाऱ्या शिवीविषयी. १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी एखादी मुलगी बाबासाहेबांची प्रतिमा इंटरनेटवर ठेवते. तासाभरात त्या प्रतिमेखाली अशी भाषा उमटते की, ती मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय नसते. लिहिणाऱ्याचे नाव खोटे, छायाचित्र खोटे, गावाचा पत्ता नाही. हाच गृहस्थ उद्या कचेरीत भेटला तर कदाचित हसून बोलेल. मग इंटरनेटवर त्याला होते तरी काय?

जॉन सुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००४ साली याची कारणे मांडली. नाव लपते, चेहरा दिसत नाही, उत्तर तत्काळ ऐकावे लागत नाही, वडीलधाऱ्यांचा वा अधिकाऱ्यांचा धाक उरत नाही. म्हणून मनुष्याचा संकोच सुटतो. हे म्हणणे खरे आहे. आपल्या देशात १८६७ च्या कायद्यापासून वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापावी लागत आली. विष छापावयाचे झाले तरी त्याचा जाब देणारा मनुष्य उभा करावा लागे. इंटरनेटवर तो मनुष्यच नाहीसा होतो.

परंतु आपल्यापुरते एवढे कारण मला पुरेसे वाटत नाही. आपल्या आजोबांना शिवी देणाऱ्याने तोंड कधी झाकले होते? चावडीवर, पाणवठ्यावर, भर दिवसा, दहा माणसांदेखत तो शिवी देई, आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला किंवा त्या दहांना वाटत नसे. तोंड झाकण्याची पाळी त्याच्यावर पुढे आली. १९५५ साली अस्पृश्यता अपराध कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, आपली मुले शिकून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. उघड बोलणे महाग पडू लागले तेव्हा तिरस्कार दातांआड गेला. तेथे तो जिवंत होता. इंटरनेटने त्यास पुन्हा वाट करून दिली. हा पडदा म्हणजे एका परीने आपल्या लढ्याची पावतीच आहे, असे मी समजतो!

पडद्याआड कायदा पोहोचत नाही, हा मात्र भ्रम आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमानित करणे किंवा जातीवरून शिवी देणे हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे. यूट्यूबवरील एका मुलाखतीच्या प्रकरणी २०२२ साली केरळ उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि इंटरनेटवरील मजकुरासही हा कायदा लागू होतो, असे म्हटले. आपण बौद्ध झालो, आता हे संरक्षण गेले, अशी धास्ती नवदीक्षित कुटुंबांत आढळते. ती निराधार आहे. १९९० साली संसदेने दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्या यादीत समावेश केला. म्हणून शिवी दिसताच तिला शिवीने उत्तर देऊ नका आणि ती पुसूनही टाकू नका. पडद्याचे चित्र टिपून ठेवा, तारीख व वेळ लिहा, आणि पोलीस ठाण्यात जा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट घालता येत नाही.

येथवर नाव लपविणाऱ्यांविषयी झाले. नाव न लपविताही इंटरनेट मनुष्याला क्रूर करू शकते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागण्यास आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. तेथे कोणाचा चेहरा झाकलेला होता? तो संदेश ज्यांनी पुढे धाडला त्यांना तो ओळखीच्याकडूनच आला असेल, आणि ओळखीच्याकडून आला म्हणूनच खरा वाटला असेल. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल असे बंधन घातले. पाच माणसे मेल्यावर. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, केवळ कानी आले, परंपरेने आले, सांगणारा आपला आहे, एवढ्यावर काहीही मानू नये.

आता आपल्याच घराकडे वळतो. नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. त्यात काही बौद्ध झालेले, काही अजून न झालेले. मामा गणपतीचे चित्र धाडतात. भाचा नुकताच दीक्षा घेऊन आलेला. तो बावीस प्रतिज्ञा धाडतो आणि खाली मामांना गुलाम, अडाणी, आणखी बरेच काही म्हणतो. समोर बसून तो मामांना असे बोलला नसता. मामा ग्रुप सोडून जातात, आणि पुढल्या लग्नात दोन घरे एका पंगतीस बसत नाहीत.

त्या भाच्याला माझे एकच सांगणे आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा पुन्हा वाच. त्या ‘मी’ने घेतलेल्या आहेत. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी वागेन. ‘तू’ असे त्यांत कोठे आले आहे? सम्यक् वाचेत खोटे, चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी टाळावयाच्या आहेत. त्यांपैकी कठोर बोल हा मोबाईलवर सर्वांत स्वस्त झाला आहे. अक्कोस नावाचा ब्राह्मण तथागतांना शिव्या देत आला, तेव्हा तथागतांनी त्याला विचारले की, पाहुण्यांनी न स्वीकारलेले अन्न कोणाकडे राहते? यजमानाकडे, असे तोच म्हणाला. तसेच तुझ्या शिव्या मी स्वीकारीत नाही, असे तथागतांनी त्यास सांगितले.

येत्या पौर्णिमेस विहारात वंदना आहे. मामांना बोलवा, आणि बोलावणे त्यांच्या घरी जाऊन द्या. मामींच्या हातचा चहा घ्या. धम्माचा विषय त्यांनी काढला तर बोला.