दूरचे काम आणि लेखी करार

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो : कारखान्याच्या आत काय चालते ते बाहेरच्याला दिसत नाही, त्याच्या हाती असतो तो फक्त लेखी करार. संगणकाच्या जगातही तेच आहे. सन कंपनीने १९९८ मध्ये ‘एंटरप्राइझ जावाबीन्स’ या पद्धतीचे पहिले नियम प्रसिद्ध केले. पगार जमा करणारा घटक एका यंत्रावर, त्याला काम सांगणारा दुसऱ्या यंत्रावर. दोघांमधला करार म्हणजे ‘रिमोट इंटरफेस’ : कोणती कामे सांगता येतील, सोबत काय द्यायचे, परत काय मिळेल, एवढीच यादी. काम आत कसे होते, याचा तीत उच्चार नाही.

त्या नियमांत एक प्रामाणिक कलम होते. प्रत्येक कामापुढे ‘रिमोट एक्सेप्शन’ लिहावेच लागे. म्हणजे मधला दुवा तुटू शकतो, अशी कबुली. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सक्ती गेली. लिखाण सुटसुटीत झाले. पण कलम गेले म्हणून धोका गेला काय? उत्तर आले नाही, तर पगार जमा झाला की नाही हे कळत नाही. पुन्हा सांगावे, तर दोनदा जमा होईल. न सांगावे, तर एखाद्याची चूल थंड. म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम दुसऱ्यांदा होऊ नये, हे करारातच ठरवावे.

आणि दिलेले कलम एका बाजूने परस्पर बदलू नये. नवे हवे तर शेजारी जोडावे. करारावर विसंबलेला माणूस दूर आहे, दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजणे हा अन्याय आहे.