क्रीडाक्षेत्रातील स्वयंसेवा : गौरव आणि मोजमाप

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



स्वयंसेवकाच्या गौरवाचा विषय निघाला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र डोळ्यांसमोर येते. समारंभ संपतो आणि ज्या कामासाठी गौरव झाला ते काम पुढे कोण करणार, हा प्रश्न तसाच राहतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही, तो साधनसंपत्तीचा आहे. विनामोबदला दिलेला वेळ ही समाजाची संपत्ती असेल, तर तिची नोंद कोठे होते, ती कोणाकडून येते आणि ती आटू नये यासाठी काय करावे लागते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

आखणारा दिसत नाही

ओरिएंटियरिंग हा खेळ या दृष्टीने बोधप्रद आहे. नकाशा आणि होकायंत्र यांच्या साहाय्याने अनोळखी प्रदेशातील ठरावीक ठिकाणे क्रमाने आणि कमीत कमी वेळात गाठणे, असे त्याचे स्वरूप आहे. लष्करी प्रशिक्षणातून निघालेल्या या खेळाची पहिली खुली स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली. स्वीडनमधील लष्करी अधिकारी मेजर अर्न्स्ट किलान्डर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरविली आणि खेळाला नियमबद्ध रूप दिले. मैदानी स्पर्धांकडे पाठ फिरविणाऱ्या तरुणांना रानावनात आणणे, हा त्यांचा हेतू होता. १९६१ मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

या खेळात धावपटू दिसतो, मार्ग आखणारा दिसत नाही. स्पर्धेपूर्वी कोणीतरी तो प्रदेश पायी तुडवून मोठ्या प्रमाणावरचा नकाशा काढलेला असतो, कोणीतरी ठिकाणे निवडलेली असतात आणि ती अचूक आहेत की नाहीत हे आणखी कोणीतरी तपासलेले असते. ठिकाण बरोबर असेल तर आखणाऱ्याची आठवण कोणालाही होत नाही. ते चुकले तर संपूर्ण स्पर्धा बाद ठरू शकते. शिवाय, ज्याने मार्ग आखला त्याला त्या स्पर्धेत उतरता येत नाही. इतरांना खेळता यावे म्हणून त्याने स्वतःचा खेळ सोडलेला असतो. पाठ्यपुस्तकात ज्याला संधीखर्च म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मल्लखांबाचे उदाहरण

महाराष्ट्रात अशा अदृश्य श्रमाचा इतिहास मल्लखांबात वाचता येतो. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला हा व्यायामप्रकार पुढे आखाड्यांनी आणि व्यायामशाळांनी टिकविला. १९२५ मध्ये स्थापन झालेले, मुंबईतील शिवाजी पार्कवरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर ही त्यांपैकी एक संस्था होय. तेथील ज्येष्ठ प्रशिक्षक उदय विश्वनाथ देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी अनेक दशके मानद प्रशिक्षक म्हणून काम केले.

या कामाचे तीन थर आहेत. पहिला थर प्रत्यक्ष शिकविण्याचा. पुरस्काराच्या वेळी शासनाने दिलेल्या माहितीनुसार सुमारे ५० देशांतील ५,००० हून अधिक व्यक्तींना त्यांनी प्रशिक्षण दिले. दुसरा थर खेळाचा परीघ वाढविण्याचा. महिला, दिव्यांग, अनाथ मुले, आदिवासी आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यापर्यंत मल्लखांब नेण्याचा उल्लेख त्याच माहितीत आहे. तिसरा थर सर्वांत कमी दिसणारा आणि अर्थशास्त्रदृष्ट्या सर्वांत मोलाचा आहे, तो म्हणजे स्पर्धेचे नियम आणि गुणदानाची पद्धत घडविण्याचा.

एक प्रशिक्षक एका वेळी मोजक्या मुलांना शिकवू शकतो. लिखित नियमाचे तसे नाही. तो एकाने वापरला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही. साताऱ्यातील पंच आणि उज्जैनमधील पंच एकाच मापाने गुण देऊ लागले, की स्थानिक व्यायामप्रकार राष्ट्रीय क्रीडाप्रकार होऊ शकतो. म्हणून नियमांची संहिता ही खऱ्या अर्थाने सार्वजनिक वस्तू ठरते. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. २०२० च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ‘खेलो इंडिया’ युवा क्रीडा स्पर्धांत या खेळाच्या समावेशास मान्यता दिली आणि २०२२ मध्ये गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. शासनाने दार उघडले तेव्हा नियम, पंच आणि खेळाडू तयार होते. ती तयारी कोणत्याही अर्थसंकल्पातील तरतुदीने झालेली नव्हती.

राष्ट्रीय उत्पन्नात शून्य

आता मोजमापाकडे वळू. समजा, एखादा मानद प्रशिक्षक दररोज दोन तास, वर्षातील ३०० दिवस, ४० वर्षे शिकवितो. एकूण तास होतात २४,०००. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर हे ३,००० दिवस, म्हणजेच दहा वर्षांची पूर्णवेळ नोकरी होते. राष्ट्रीय उत्पन्नात या दहा वर्षांची नोंद जवळजवळ शून्य आहे. नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या मोफत सेवांचे मूल्य त्यांच्या उत्पादनखर्चावरून ठरते आणि वेतन दिलेले नसल्याने त्या खर्चात स्वयंसेवकाचे श्रम उतरतच नाहीत. तेच काम पगारी प्रशिक्षकाने केले असते, तर ते स्थूल देशांतर्गत उत्पादनात मिळविले गेले असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवी श्रमाच्या मोजणीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्याच कामासाठी दुसरा माणूस नेमल्यास जे वेतन द्यावे लागेल, ते त्या श्रमाचे मूल्य मानावे, असा तिचा मार्ग आहे. परंतु ज्या खेळाच्या प्रशिक्षकांना बाजारपेठच नव्हती, तेथे कोणते वेतन धरावे? बाजार जेथे पोहोचत नाही तेथेच स्वयंसेवक सर्वाधिक उपयोगी पडतो आणि तेथेच त्याचे मोल ठरविणे सर्वाधिक कठीण होते.

वेळ कोणाकडे आहे?

भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला स्वयंसेवा, प्रशिक्षणार्थी काम आणि तत्सम कामांत एका दिवसात सहभागी होणाऱ्यांचे प्रमाण २.४ टक्के होते. याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मैदानावर संध्याकाळ देणाऱ्या प्रत्येक पुरुषामागे बहुधा घर सांभाळणारी एक स्त्री असते. मानपत्रात तिचे नाव नसते. स्त्रियांनी पंच, प्रशिक्षक आणि संघटक म्हणून पुढे यावे असे वाटत असेल, तर आधी घरातील वेळेची वाटणी बदलावी लागेल.

स्वयंसेवेसाठी निश्चित पगार, ठरलेल्या कामाच्या वेळा आणि जवळचे मैदान ही तीन अनुकूलता लागतात. सरोजिनी नगरसारख्या वसाहतींत त्या होत्या. पूर्वी विनयनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील ही शासकीय कर्मचाऱ्यांची वसाहत. बैठी किंवा कमी मजल्यांची घरे आणि त्यांच्यामधील मोकळे चौक हे तिचे जुने रूप. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे उभारण्याची ती योजना होती. घरांची गरज निर्विवाद आहे. मात्र वसाहत रिकामी होते तेव्हा कुटुंबे विखुरतात आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळी मुलांना एकत्र आणणारी माणसेही विखुरतात. नव्या आराखड्यात सदनिका आणि वाहनतळ मोजले जातात. विश्वासाचे हे जाळे पुन्हा विणले जाईल अशी जागा आणि वेळ यांचीही मोजणी व्हावयास हवी.

गौरव कशाला म्हणावे?

क्रीडा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहे. तथापि राष्ट्रीय पुरस्कारांची परंपरा केंद्राने घडविली. प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे. खेळाडूंच्या आजीवन योगदानासाठी २००२ पासून ध्यानचंद पुरस्कार होता. २०२४ च्या पुरस्कारांपासून त्याची जागा अर्जुन जीवनगौरव पुरस्काराने घेतली. खेळाला प्रोत्साहन देणाऱ्या संस्था आणि उद्योगांसाठी २००९ पासून राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार आहे. खेळाडू, प्रशिक्षक आणि संस्था यांची अशी दखल घेतली जाते. नकाशा काढणारा, वेळ नोंदविणारा, हिशेब ठेवणारा या चौकटींत सहज बसत नाही.

मग स्वयंसेवकाला मानधन द्यावे काय? रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाचा अभ्यास मांडताना इशारा दिला होता, की दानाच्या जागी दाम आला तर देण्याची प्रेरणाच क्षीण होऊ शकते. या मतावर पुढे बराच वाद झाला. तरीही एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेवेची किंमत देणे वेगळे आणि सेवेसाठी झालेला खर्च भरून देणे वेगळे. प्रवासखर्च, अपघात विमा, पंच प्रशिक्षण आणि मैदानाची निश्चित वेळ या सोयींमुळे प्रेरणा विकत घेतली जात नाही. सेवेची वाट मोकळी होते. या सोयी नसतील तर स्वयंसेवा केवळ सुस्थितांना परवडणारी गोष्ट होऊन बसते.

१ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाने २००१ च्या धोरणाची जागा घेतली. लोकचळवळ म्हणून खेळ आणि सामाजिक विकासासाठी खेळ हे त्याच्या आधारस्तंभांपैकी दोन आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष घोषित केले आहे. या निमित्ताने क्रीडा संघटनांनी निदान आपल्या स्वयंसेवकांचे तास नोंदविण्यास आरंभ करावा. जे नोंदले जात नाही, त्यासाठी तरतूद मागता येत नाही.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काही जण प्रशासनात जातील. एखाद्या जिल्ह्यात ज्येष्ठ क्रीडा कार्यकर्त्याच्या सत्काराचे निमंत्रण येईल. त्या वेळी व्यासपीठावरून त्याचे गुण गाण्याबरोबरच तीन गोष्टी विचाराव्यात : त्याने जमविलेले ज्ञान लिहून ठेवले आहे काय, त्याच्या हाताखाली कोण तयार झाले आहे, आणि ज्या मैदानावर त्याने आयुष्य वेचले ते उद्याही मुलांसाठी खुले राहील काय? या प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळेल अशी व्यवस्था उभी करणे, हाच त्या स्वयंसेवकाचा खरा गौरव होय.