परदेशातील खोली



मूल परदेशी विद्यापीठात निघाले की घरात चर्चा होते ती शुल्काची, व्हिसाची, फार तर बॅगेच्या वजनाची. ते तेथे रुळेल कसे, हा प्रश्न विमानतळावरून परतताना मनात येतो. त्याचे एक जुने उदाहरण मराठी घरातलेच आहे.

१८८३ च्या आरंभी बंगालमधील श्रीरामपूर येथे अठरा वर्षेही पुरी न झालेल्या आनंदीबाई जोशी यांनी भरसभेत सांगितले की, आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परतणार. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून पतीविना निघाल्या. निश्चय होता, हट्ट नव्हता. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी निभेना, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, शाकाहारही नाही. काय बदलावे आणि काय राखावे, हे त्यांचे त्यांनी ठरविले होते.

संस्थेनेही हात आखडता घेतला नाही. विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीची तजवीज केली. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाई तर पत्रांतूनच मावशी झाल्या होत्या. जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासमवेतचे १८८५ चे छायाचित्र प्रसिद्धच आहे. तिघी आपापल्या देशाच्या वेषात.

मग उणे कोठे पडले? राहत्या खोलीत. चरित्रकार सांगतात की, शेकोटी पेटविली तर खोलीभर धूर, न पेटवावी तर गारठा. मानवेल असे अन्नही मिळेना. सद्भाव भरपूर होता, सोय अपुरी होती.

आज विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असते, समुपदेशक असतात. पण ते दार ठोठावावे लागते. बोलका मुलगा पहिल्याच आठवड्यात तेथे पोहोचतो. घरी ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारी अबोल मुलगी हिवाळा सरेपर्यंत पोहोचत नाही. गुणांच्या आधी हीटरची व जेवणाची चौकशी करणारे पालक थोडेच.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या, तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यू यॉर्क राज्यातील पौकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आजही आहेत.